वरच्यांची गळती नव्हती: रत्नागिरीतल्या एका बाथरूमच्या बुरशीचं प्रकरण

२०२३ च्या जुलैमध्ये बाईंचा फोन आला तेव्हा मी एका घराच्या गच्चीवर ताडपत्री धरून उभा होतो. "अरे, ते काळं परत आलंय. आणि या वेळी वरच्यांनी त्यांची अख्खी मोरी फोडून नवी केलीय. आता काय म्हणायचं?" बाईंनी मला आठवीत गणित शिकवलंय. आता त्या निवृत्त आहेत आणि मी इमारतींच्या ओलीची, गळतीची कामं करतो. उत्तर आधी लिहून मग पायऱ्या जुळवणाऱ्या मुलांचा त्यांना भारी राग यायचा. या प्रकरणात मात्र आम्ही सगळ्यांनी तेच केलं होतं. उत्तर आधीच ठरलं होतं: वरून गळतंय.

घर रत्नागिरी शहरात, चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. माणसं सहा: बाई, सर, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. तक्रार कॉमन बाथरूमची. पाच फूट बाय सात फूट, उंची नऊ फूट. जमिनीपासून सात फुटांपर्यंत टाइल्स, वर दोन फूट रंगवलेली भिंत आणि त्यावर स्लॅब. एका टोकाला काचेच्या आडव्या पट्ट्यांची खिडकी, तिच्याच वरच्या भागात बसवलेला सहा इंची एक्झॉस्ट पंखा, दुसऱ्या टोकाला दार. खिडकीपासून सगळ्यात लांबचा, दाराच्या डोक्यावरचा कोपरा काळा झालेला. टाइल्सच्या वरची पट्टीही ठिपक्यांनी भरलेली. खाली उंबऱ्याजवळच्या कोपऱ्यात टाइल्सच्या सांधी काळ्या, वॉशबेसिनमागची सिलिकॉनची रेघही काळी. दार उघडलं की कुबट वास.

आधीच्या दोन वर्षांत यावर काय काय झालं होतं, ते बाईंनी वहीतून वाचून दाखवलं. पेंटरनं दोनदा 'अँटिफंगल' रंग दिला. पहिला एक पावसाळासुद्धा टिकला नाही आणि दुसऱ्यातून जून लागल्यावर पाचव्या आठवड्यात ठिपके वर आले. मग सोसायटीला पत्र गेलं. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाशी बोलणं बंद झालं. शेवटी त्यांनी एप्रिलमध्ये पस्तीस हजार रुपये घालून स्वतःच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. आणि जुलैत काळं परत हजर.

डाग कुठे आहे ते आधी बघायचं

बुरशीवर काय मारायचं हे लोक पहिल्यांदा विचारतात. मी पहिल्यांदा ती कुठे आहे ते बघतो, कारण पाणी कुठून येतं ते तिच्या जागेवरूनच कळतं. वरून गळत असेल तर डाग वरच्यांच्या नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतलं पाणी जायचं तोंड) किंवा कमोडच्या पाइपाच्या आसपास सुरू होतो. त्याला चहाच्या डागासारखी तपकिरी कड असते, रंगाचे पोपडे सुटतात, कधी पांढरा खार फुटतो. हा खार म्हणजे बुरशी नव्हे. बोटानं चुरला तर कुरकुरतो, पाण्यात विरघळतो, आणि पाणी सिमेंटमधून पाझरत आल्याची ती खूण असते. बुरशी बोटाला काजळीसारखी फासते.

इथे वरच्यांचा ट्रॅप स्लॅबच्या मध्यापासून थोडा खिडकीकडे होता आणि नेमका तेवढा भाग कोरा होता. काळं होतं ते लांबच्या कोपऱ्यात, एकसारख्या बारीक ठिपक्यांचं, कड नसलेलं. मला तिथेच शंका आली. पण शंकेवर भरवसा ठेवून दोन कुटुंबांचा निवाडा करता येत नाही. म्हणून एक जुनी, फुकटातली परीक्षा घेतली. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचे वीतभर चौकोन कापले आणि तीन ठिकाणी, स्लॅबवर, काळ्या कोपऱ्यात आणि खिडकीखाली, चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवले. ओल्या भिंतीवर टेप धरत नाही, त्यामुळे आधी सूनबाईंच्या हेअर ड्रायरनं ती जागा कोरडी केली. दोन दिवस बाथरूम नेहमीसारखं वापरायला सांगितलं. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी आलं तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला आलं तर हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर जमतेय.

स्लॅबवरच्या आणि कोपऱ्यातल्या फॉइलवर खोलीकडून थेंब, मागे खडखडीत कोरडं. खिडकीखालच्या फॉइलमागे मात्र थोडी ओल सापडली. चौकटीच्या बाहेरच्या सांध्यातून झडीचं पाणी आत येत होतं. ते किरकोळ होतं आणि नंतर त्या सांध्यात बाहेरून सीलंट भरून मिटलं. वरचे निर्दोष निघाले. बाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "पत्र मीच लिहिलं होतं. आता तोंडी सांगायलाही मीच जायला हवं." त्या गेल्या. पुढे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

उदबत्ती

वाफ जमते तर पंखा काय करतोय? पंखा चांगला होता. रोज सकाळी दोन-अडीच तास चालायचा, आवाज नीट, पाती स्वच्छ. मी देवघरातून उदबत्ती आणली, पंखा लावला, दार बंद केलं आणि धूर बघत बसलो.

खिडकीजवळ धरलेल्या उदबत्तीचा धूर सरळ पंख्यात गेला. काळ्या कोपऱ्याखाली स्टुलावर उभं राहून धरली, तर धूर तिथेच लोंबकळत राहिला, वर जाऊन स्लॅबला चिकटला आणि हललाच नाही. हवा खिडकीच्या खालच्या उघड्या पट्ट्यांतून आत येत होती आणि फूटभर वरच्या पंख्यातून बाहेर जात होती. बाहेरचीच हवा परत बाहेर. उरलेल्या सहा फूट खोलीशी पंख्याचा काही संबंधच नव्हता.

आपल्याकडे पंखा बहुतेक वेळा असाच बसवतात, कारण तिथे भोक पाडावं लागत नाही. एक काच काढली की झालं. पण पंखा हवा ओढतो ती सगळ्यात जवळच्या वाटेनं. लांबच्या कोपऱ्यातली हवा हलायची असेल, तर तिची आत यायची वाट लांबच्या टोकाला हवी, म्हणजे दाराच्या खाली. दाराखाली मात्र रबरी पट्टी घट्ट ठोकलेली. दोन वर्षांपूर्वी बाथरूममधून पाल हॉलमध्ये आली आणि धाकटी नात किंचाळली, तेव्हा सरांनी ती लावली होती. बुरशीही दोन वर्षांपूर्वीचीच. बाईंनी वहीत दोन्ही तारखा शोधल्या आणि मला दाखवल्या. पट्टी मार्चमधली, पहिली तक्रार त्याच वर्षीच्या जुलैतली. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, आधीही सांधीत थोडं काळं होतंच. पण कोपऱ्यातलं काळं नवं होतं.

आकड्यांत

बाईंसमोर आकडे न मांडता निघणं शक्य नव्हतं, म्हणून सहाशे रुपयांचा एक साधा आर्द्रतामापक दोन दिवस तिथे ठेवला. असली स्वस्त यंत्रं चार-पाच टक्के इकडेतिकडे दाखवतात, त्यामुळे एकच यंत्र आत आणि बाहेर फिरवून फरक बघायचा. बाहेर गॅलरीत ८९ टक्के. बाथरूममध्ये शेवटच्या अंघोळीनंतर सकाळी साडेनऊला ९९, दुपारी एकला ९७, चारला ९६, रात्री दहाला ९५. दुसऱ्या दिवशी सहाला पहिली अंघोळ सुरू. म्हणजे त्या भिंतीला पावसाळ्यात वाळायला एक तासही मिळत नव्हता. भिंतीलगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला उगवायला पुरतं. साचलेलं पाणी लागतच नाही. खायला साबणाचा थर, अंगाचा मळ, धूळ, रंगातले पदार्थ काहीही चालतं.

खरी अडचण मात्र बाहेरच्या ८९ मध्ये आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला आहे की घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, जमलं तर ३० ते ५० मध्ये, आणि भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवा. सल्ला बरोबर आहे. पण ज्या गावात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, तिथे जुलैत टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमट असतो. थंड देशांत खिडकी उघडली की कोरडी हवा आत येते. आपल्याकडे पावसाळ्यात खिडकी उघडली की ८९ टक्केवाली हवा आत येते.

हिशोब असा. २७ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या जवळपास पाणी मावतं. बाहेरची हवा आधीच २३ ग्रॅम घेऊन आत येते. उरली जागा तीन ग्रॅमची. हे बाथरूम सुमारे नऊ घनमीटरचं. म्हणजे आतली सगळी हवा मिळून आणखी २७ ग्रॅमच्या आसपास पाणी घेऊ शकते, दोन मोठे चमचे. आता उलट बाजू बघा. सहा अंघोळी झाल्यावर मी ट्रॅपवर झाकण ठेवलं, भिंती आणि जमीन वायपरनं ओढली, पाणी सुपलीनं मगात भरलं, उरलेलं फडक्यानं टिपून पिळलं. पाऊण लिटर निघालं. एरवी एवढं पाणी दिवसभर हवेत चढत राहायचं आणि कोपऱ्यात जाऊन बसायचं. पंख्यानं ते बाहेर काढायचं म्हटलं, तर ताशी दीडशे घनमीटर हवा फेकणारा पंखा, वाट अगदी बरोबर असली तरी, तासाला साडेचारशे ग्रॅमच्या वर नेणार नाही. वायपरनं तेच काम दीड मिनिटात झालं.

मला या सगळ्या प्रकरणात सांगण्यासारखी गोष्ट हीच वाटते. पुण्यात किंवा नागपुरात डिसेंबरमध्ये खिडकी आणि पंखा पुरतात. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात हवेला पाणी पिण्याची फारशी ताकदच उरलेली नसते, त्यामुळे पाणी हवेत जायच्या आधी मोरीत ढकलायचं. पंखा त्यानंतर.

वाळत घातलेले कपडे हा याच हिशोबातला आणखी एक आकडा. पावसाळ्यात बाथरूममध्ये दोरी होती. बॅगा तोलायच्या हुक-काट्याला मशीनमधून काढलेले पिळलेले कपडे पिशवीत घालून लावले, वाळल्यावर पुन्हा लावले. फरक एक किलो नऊशे ग्रॅम. बाथरूमच्या हवेत दोन चमच्यांची जागा आणि आपण तिथे दोन लिटर पाणी दोरीवर टांगतोय. सूनबाई म्हणाल्या, "मग कुठे घालू? हॉलमध्ये पाहुणे येतात." बरोबरच होतं. तडजोड अशी ठरली की बेडरूममध्ये घडीचा स्टँड, त्यावर छताचा पंखा, आणि त्या खोलीच्या समोरासमोरच्या खिडक्या उघड्या.

इथे एक आठवण येतेच. माझ्या आजोळी न्हाणीघर परसात होतं. वर नळ्यांची कौलं, भिंतीच्या आणि छपराच्या मध्ये वीतभर फट, कोपऱ्यात चुलवणावर पाण्याचा हंडा आणि खाली पहाटेपासून धगधगणारा जाळ. भिंत काळी होती, पण धुरानं. आगीनं ती रोज शेकली जायची आणि फटीतून वाफ निघून जायची. पाणी सरळ केळींना. फ्लॅटमध्ये आपण न्हाणी घराच्या पोटात आणली, फटी बुजवल्या आणि आग काढून घेतली.

साफसफाई, आणि माझी चूक

पावसाळा चालू असताना रंगाला हात लावायचा नाही, एवढं पक्कं ठरवलं. ओल्या भिंतीवर तिसरा रंग म्हणजे तिसऱ्यांदा तेच. आधीच्या दोन्ही वेळा पेंटरनं जिवंत बुरशीवरच हात मारला होता. जुलैत फक्त सफाई आणि हवेची वाट, बाकीचं दिवाळीनंतर.

काळा भाग सगळा मिळून सात-आठ चौरस फूट होता. त्याच अमेरिकी संस्थेचा ढोबळ नियम आहे की दहा चौरस फुटांच्या आतलं काम घरच्या घरी करायला हरकत नाही. सरांना दमा आहे, त्यामुळे त्यांना आणि नातवंडांना दिवसभर बाईंच्या बहिणीकडे पाठवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत ओलसर, बुरशीच्या घरांचा श्वसनाच्या तक्रारींशी आणि दम्याशी संबंध स्पष्ट मांडलाय. बुरशी मेली तरी तिचे कण त्रास देऊ शकतात. म्हणून नुसतं औषध मारून सोडायचं नाही, पुसून काढायचंच. कोरड्या ब्रशनं तर मुळीच घासायचं नाही, सगळे बीजाणू हवेत उडतात. आधी भिंत साबणाच्या पाण्यानं ओली करायची, मग घासायचं. एन-९५ मास्क, चष्मा, रबरी हातमोजे. दार बंद, पंखा चालू.

टाइल्स आणि सांधींसाठी सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, त्याच दिवशी कालवलेलं, दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्यानं धुतलं. नळांवर उडालेलं लगेच पुसलं, नाहीतर क्रोमवर ठिपके पडतात. चकचकीत टाइलवर ब्लीच उत्तम. भिंतीच्या रंगावर मी त्याच्यावर भरवसा ठेवत नाही. त्यात नऊ-दशांशाहून जास्त पाणीच असतं आणि ते भिंत पिते. वरचं पांढरं दिसतं, आतलं तसंच राहतं, आणि आठवड्यानं आपण पेंटरला शिव्या देतो. भिंतीसाठी मेडिकलच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरलं. ते शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं, वासही उरत नाही. भिंतीवर फवारून, थांबून, फडक्यानं टिपून. फडकी थेट पिशवीत बांधून कचऱ्यात.

आता चूक. सांधीवर ब्लीच लावून मी बाहेर हातमोजे बदलायला गेलो. माझ्या मदतनिसाला कोपऱ्यातली टॉयलेट क्लीनरची बाटली दिसली. खालच्या सांधी अजून काळ्या आहेत, थोडं हेही टाकू, असं त्याला वाटलं. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. दोन-तीन सेकंदांत तो खोकत बाहेर आला, डोळे लाल. दार लोटलं, पंखा चालू ठेवला, त्याला गॅलरीत मोकळ्या हवेत बसवलं, आत कुणालाच जाऊ दिलं नाही. नशीब, चार थेंबच पडले होते. अर्ध्या तासात तो ठीक झाला, तरी मी त्याला डॉक्टरांकडे नेऊन आणलं. पण दोष त्याचा नव्हता. कामाला सुरुवात करायच्या आधी बाथरूममधली प्रत्येक बाटली बाहेर काढून ठेवायला हवी होती, आणि ते मी केलं नव्हतं. अमोनिया असलेल्या क्लीनरशीही ब्लीच तसंच विषारी होतं. आता मी कामाआधी रिकाम्या बाथरूमचा फोटो काढतो. फोटोत बाटली दिसली तर काम सुरू होत नाही.

घरगुती उपायांचं थोडक्यात. सूनबाईंनी मोबाइलवर बघून व्हिनेगर मारलं होतं. बुरशीवर त्याचा काही प्रमाणात उपयोग होतो. पण बाथरूममध्ये कडप्प्याची फळी होती आणि कडप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. आम्ल पडलं की त्याची झिलई जाते. फळीवर पांढुरके डाग कायमचे बसलेत. शहाबादी फरशी, कोटा, संगमरवर, सगळ्यांची तीच गत. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र फेसाळतो ते बघायला छान, पण ते एकमेकांना मारून टाकतात, उरतं खारट पाणी. वाटीत मीठ ठेवायचा उपाय तर रत्नागिरीकरानं सांगू नये. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाझरतं, आपल्या डब्यातलं जूनमध्ये पाझरतं तसं. टांगायच्या ओलशोषक पुड्या बंद कपाटात कामाच्या, बाथरूममध्ये पैसे पाण्यात. आणि बादलीच्या बुडाशी, नळाच्या तोंडाशी येतो तो गुलाबी चिकट थर बुरशी नव्हेच, तो बहुधा जिवाणूंचा असतो. घासून धुतला की जातो, ओल राहिली की परत येतो.

सिलिकॉनच्या रेघेवर वेळ घालवला नाही. काळं आत शिरलं की ते निघत नाही. ब्लेडनं पूर्ण कापून काढली, दोन दिवस बेसिन बंद ठेवलं आणि बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरलं.

उंबऱ्याजवळचा कोपरा मात्र वेगळंच दुखणं होतं. तिथे ढाळच नव्हता. मगभर पाणी ओतलं तर ते ट्रॅपकडे न जाता उंबऱ्याशी येऊन थांबायचं. खरा इलाज फरशी उखडून ढाळ देण्याचा. तो मी सुचवला नाही. वरच्यांचे पस्तीस हजार विनाकारण गेलेले डोळ्यासमोर होते आणि वायपरचा एक हात मारून भागणार होतं. त्या कोपऱ्यातल्या सिमेंटच्या सांधी खरवडून इपॉक्सी ग्राउट भरलं. ते पाणी पीत नाही. महाग आहे, पण आठ-दहा टाइल्सपुरतं परवडतं.

हवेची वाट

दाराची रबरी पट्टी काढली. पाल हा प्रश्न खराच होता, म्हणून दाराच्या खालच्या भागात आडवी खाच पाडून त्यात बारीक स्टीलची जाळी आणि प्लास्टिकची ग्रिल बसवली. खिडकीच्या खालच्या पट्ट्यांवर ॲक्रिलिकचा पत्रा, बिजागरीवर, पंखा चालू असताना बंद आणि नंतर उघडा. पंख्याला बाहेरून झडप, म्हणजे पंखा थांबला की पावसाची झड आत येत नाही. मग पुन्हा उदबत्ती. या वेळी काळ्या कोपऱ्यातला धूर थोडा रेंगाळला आणि मग लांबलचक धाग्यासारखा खिडकीकडे गेला. नातवंडांनी तीन उदबत्त्या संपवल्या.

नियम दोनच, दाराच्या आत चिकटवलेले. जो अंघोळ करेल तो भिंत आणि जमीन वायपरनं ओढेल. शेवटच्या अंघोळीनंतर पंखा आणखी अर्धा तास चालेल. चाळीस वॅटचा पंखा रोज साधारण तीन तास चालला तर महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट जातात, त्यामुळे विजेवरून कुणी कुरकुरलं नाही. वायपरवरून कुरकुर झाली. मुलगा पहिला आठवडा विसरायचा. बाईंनी वहीत त्याच्या नावासमोर फुल्या मारायला सुरुवात केली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात यंत्र पुन्हा ठेवलं. साडेनऊला ९८, सव्वादहाला ९२, बाराला ९०, बाहेर ८९. बाहेरच्या खाली जाणं शक्यच नव्हतं. पण बारापासून दुसऱ्या दिवशीच्या सहापर्यंत कोपऱ्यावर पाण्याचा थर नव्हता आणि हवा फिरत होती. त्या पावसाळ्यात पुसलेल्या जागी फिकट सावली राहिली, नवे ठिपके दोन-चारच.

चुना

डिसेंबरमध्ये भिंत खरी कोरडी झाली तेव्हा रंगाचं काम काढलं. टाइल्सच्या वरची पट्टी आणि स्लॅब खरवडली, तर दोन रंगांच्या मध्ये काळा पापुद्रा सापडला. पुट्टीसकट सगळं प्लास्टरपर्यंत काढलं, पेरॉक्साइड फवारलं, चार दिवस टेबलफॅन लावला. पट्टीला पांढऱ्या सिमेंटची पातळ पुट्टी, प्रायमर आणि बुरशीरोधक रंग. असा रंग वाईट नसतोच. स्वच्छ, कोरड्या भिंतीवर तो काम करतो, बुरशीवर फासला तर नुसतं झाकण होतो.

स्लॅबला मी चुना सुचवला. पेंटर हसला. "आता चुना कोण लावतं?" पण भिजवलेल्या चुन्याची अल्कता फार तीव्र असते, पीएच १२ च्या वर, त्यात बुरशी धरत नाही. शिवाय चुना वाफ आत घेतो आणि सोडतो, रंगाच्या प्लास्टिकी पापुद्र्यावर येतात तसे थेंब येत नाहीत. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याचा हळूहळू पुन्हा चुनखडीचा थर होतो आणि ही ताकद कमी होते. म्हणूनच दरवर्षी घराला सफेदी करायची पद्धत होती, ती नुसती सणाची हौस नव्हती. ऑइलपेंटवर, ॲक्रिलिकवर चुना धरत नाही. इथे प्लास्टर उघडं होतं म्हणून जमलं. डोळ्यांत गेला तर भाजतो, म्हणून डोक्यावरच्या कामाला चष्मा हवाच. तीन पातळ हात दिले. सरांना तो वास लहानपणीच्या घराचा वाटला. बराच वेळ ते बाथरूमच्या दारात नुसते उभे होते.

सगळा खर्च साडेअकरा हजारांच्या आसपास गेला, त्यात सगळ्यात मोठा वाटा खरवडणं आणि रंगाच्या मजुरीचा. दाराची ग्रिल, जाळी, ॲक्रिलिक मिळून अठराशे.

२०२४ च्या पावसाळ्यात मी तीनदा जाऊन बघितलं. जुलैच्या शेवटी खिडकीच्या चौकटीत मूठभर ठिपके, पुसल्यावर गेलेले. कोपरा पांढरा. ऑगस्टच्या मध्यावर बाईंचा फोन आला, आवाज अपराधी. पाहुणे आले होते, कुणीतरी दाराची जाळी साफ करायला काढली, ती परत बसवायची राहिली, रात्री पाल आत आली आणि सरांनी माळ्यावरची जुनी रबरी पट्टी शोधून पुन्हा ठोकली. "नऊ दिवस झाले," बाई म्हणाल्या, "आणि कोपऱ्यात सात ठिपके आहेत. मोजलेत." मी संध्याकाळी जाळी आणि चार स्क्रू घेऊन गेलो. पट्टी काढून या वेळी सोबत घेऊन आलो.